नऊ नंबरचा संगणक

“दोन वाजून दहा मिनिटं,” गुंजाळ म्हणाले आणि त्यांनी वहीत तशी नोंद केली. “काल सव्वादोन. शनिवारी दोन पंचवीस. रोज थोडं थोडं अलीकडं यायला लागलंय, मॅडम.”

माझ्यासमोरचा पडदा गोठला होता. सर्व्हर बंद पडला होता आणि वरच्या मजल्यांवरून एकामागून एक फोन वाजायला लागले होते. गुंजाळांनी एकही फोन उचलला नाही. “सगळे तेच विचारणार,” एवढंच म्हणाले आणि सर्व्हर पुन्हा सुरू करायचं बटण दाबायला उठले.

तेवढ्यात जिन्यावरून एक नर्स धावत खाली आली. “शांताबाई आव्हाड, नेवासा! डॉक्टरांना आत्ता जुना रेकॉर्ड पाहिजे. तिला कुठल्या तरी इंजेक्शनचा त्रास होतो, कुठल्या ते घरच्यांना आठवत नाहीये.”

सर्व्हर उभा राहायला बारा मिनिटं लागायची. गुंजाळ लोखंडी रॅकांच्या रांगेत शिरले. कागद सरकल्याचा आवाज येत राहिला. तीन-चार मिनिटांत ते एक पिवळी फाइल घेऊन बाहेर आले आणि नर्सच्या हातात देताना बोट ठेवून म्हणाले, “पेनिसिलिन. तांबड्या शाईनं लिहिलंय बघा.”

नर्स गेली. ही फाइल सापडली नसती तर काय झालं असतं, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं होतं.

ही गोष्ट दोन हजार आठ सालची. मी सव्वीस वर्षांची होते आणि पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मला तीन वर्षं झाली होती. नगरच्या एका धर्मादाय ट्रस्टची जिल्ह्यात सात रुग्णालयं होती, आणि दोन महिन्यांपूर्वी आम्ही त्या सातही ठिकाणच्या नोंदी एकाच सर्व्हरला जोडल्या होत्या. तेव्हापासून हा सर्व्हर रोज दुपारी मान टाकायचा. ट्रस्टचे प्रशासक शेटेसाहेब लष्करातून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालेले होते. त्यांनी आमच्या सबनीस सरांना फोनवर चार वाक्यांत सांगितलं होतं: मंगळवारी माणूस पाठवा. तीन दिवस देतो. दुरुस्त झालं तर ठीक. नाहीतर शुक्रवारी करार रद्द.

तो माणूस म्हणजे मी.

सर्व्हर ठेवला होता तळघरात. मोठी रेकॉर्ड रूम, तिच्या एका कोपऱ्यात प्लायवूडचा आडोसा, आणि आडोशाच्या आत सर्व्हर, एक पंखा आणि एक खुर्ची. आडोशाच्या पलीकडे रेकॉर्ड रूमचे कारकून पाराजी गुंजाळ. वय पंचावन्नच्या आसपास, अंगानं बारीक, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. किल्ल्या त्यांच्याकडे असायच्या. मी आले त्या दिवशी त्यांनी कुठून तरी एक उशी आणून माझ्या खुर्चीवर ठेवली होती. “तीन दिवस बसायचंय तुम्हाला. ही खुर्ची माणसाचं वाटोळं करती.”

आजार काय आहे ते मला मंगळवारी संध्याकाळपर्यंत कळलं होतं. संगणकाचा कुठलाही प्रोग्रॅम काम करताना मेमरीतली थोडी जागा मागून घेतो आणि काम झालं की परत करतो. आमचा प्रोग्रॅम कुठेतरी जागा घेत होता आणि परत करत नव्हता. याला आम्ही गळती म्हणतो. थोडी थोडी करून सगळी जागा अडकते आणि एका क्षणी सर्व्हरला श्वास घ्यायलाही जागा उरत नाही.

आजार कळला, पण जागा सापडेना. चमत्कारिक गोष्ट अशी होती की सकाळी नऊ ते एक, बाह्यरुग्ण विभागात झुंबड असताना, मेमरीचा आलेख जवळजवळ आडवा चालायचा. आणि एक ते दोन, जेवणाच्या सुट्टीत, सगळे टेबल सोडून गेलेले असताना, तो जिना चढल्यासारखा चढायचा. दोनला परत गर्दी आली की दहा-पंधरा मिनिटांत सगळं कोसळायचं.

“सुट्टीत कोण वापरतं हो हे?” मी आडोशापलीकडे विचारलं.

“सुट्टीत? कोण नसतं,” गुंजाळ म्हणाले.

मी अँटिव्हायरस बंद करून पाहिला. बॅकअपची वेळ बदलली. छपाईचा प्रोग्रॅम काढून टाकला. बुधवारी सकाळी शेवटचा उपाय म्हणून मी प्रत्येक शोधाची नोंद ठेवणारा कोडचा एक तुकडा जोडला: कुठल्या संगणकावरून, काय शोधलं, किती निकाल आले, आधी मेमरी किती होती, नंतर किती. आणि एक वाजता डबा उघडून आडोशाच्या आतच जेवत बसले. तळघरात शांतता होती. पलीकडून फक्त एका बोटानं बटणं दाबल्याचा आवाज येत होता. टक. टक. टक. मग जरा थांबून पुन्हा टक. तो आवाज मी मंगळवारीही ऐकला होता. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

दोन वाजून आठ मिनिटांनी सर्व्हर पडला. तो उभा राहिल्यावर मी नोंदी उघडल्या.

सकाळच्या सातशे शोधांत गळती नावाला. जेवणाच्या तासात एकोणऐंशी शोध, सगळे एकाच संगणकावरून. नऊ नंबर. प्रत्येक शोधाला पंधरा एमबी जागा गेलेली आणि परत न आलेली. आणि प्रत्येकासमोर निकाल: शून्य.

मी ते शोध वाचायला लागले. इंग्रजी अक्षरांत होते.

चांगुणा सोमनाथ वाकचौरे. चांगुणा वाकचौरे. वाकचौरेचं स्पेलिंग चार तऱ्हांनी. चांगुणाचं पाच तऱ्हांनी. मग चांगुणाबाई. मग चांगुणा सयाजी गुंजाळ. चांगुणा गुंजाळ. पुन्हा पहिल्यापासून, वय घालून. पुन्हा, गाव बदलून. सातही रुग्णालयांत.

मी शोधाचा कोड उघडला. प्रोग्रॅम सगळ्या नावांची यादी मेमरीत घेत होता, नाव सापडलं की ते दाखवून यादी सोडून देत होता. नाव सापडलं नाही, तर “नोंद नाही” असं दाखवून तिथूनच बाहेर पडत होता, यादी तशीच मागे ठेवून. एका ओळीची चूक. त्या ओळीच्या वर, कोड कुणी लिहिला त्याची सही असते. तिथे लिहिलं होतं: नसीम मुजावर, जून दोन हजार पाच.

नोकरी लागल्यावर मी लिहिलेला तो पहिला कोड. तेव्हा मी तो दोन आठवडे तपासला होता. जी नावं यादीत आहेत तीच पुन्हा पुन्हा शोधून. जो माणूस यादीत नाही, त्याला कुणी रोज शोधत बसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी आडोशातून बाहेर आले. गुंजाळ फाइलींवर धूळझटकणी फिरवत होते. त्यांच्या टेबलावरच्या संगणकावर कागदी पट्टी चिकटवलेली होती: ९.

“काका,” मी म्हटलं. दोन दिवस मी त्यांना अहो-जाहो करून आडनावानं हाक मारत होते. “चांगुणा कोण?”

त्यांचा हात थांबला. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“माझ्यामुळं होतंय का हे?”

“नाही. माझ्यामुळं होतंय. पण तुमच्या शोधामुळं सापडलं.”

हे त्यांना कळलं नसावं. ते स्टुलावर बसले. चष्मा काढून दोरीनं लोंबता सोडला.

“बहीण,” ते म्हणाले. “धाकटी. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. अकरा वर्सं झाली.”

मी त्यांच्यासमोर फाइलींच्या गठ्ठ्यावर बसले. ते बोलायला लागले ते थांबलेच नाहीत.

“आमचं गाव संगमनेर तालुक्यात. मी कारखान्यात होतो तेव्हा. चांगुणाला शेजारच्या अकोले तालुक्यात दिली होती. नवरा मारायचा. दोनदा समजूत घालून आलो मी. तिसऱ्यांदा ती आपली आपणच निघून आली, एक पिशवी घेऊन. मंगळवार होता. आन त्याच दिवशी माझ्या थोरल्या पोरीला बघायला पाव्हणे यायचे होते, मॅडम. सकाळी दहाला. बहीण नांदत नाही, घरी येऊन बसली, असं दिसलं असतं तर... मला तसं वाटलं. मीच नेली तिला स्टँडवर. तिकीट काढून दिलं. खिडकीपाशी जागा करून दिली. म्हटलं, आत्ता जा, मी येतो मागनं, नीट बोलतो त्यांच्याशी.”

“मग?”

“ती काही बोलली नाही. नुसतं नको म्हटली असती, तरी मी खाली उतरवून घेतली असती. नुसती बघत होती. गाडी सुटली.” त्यांनी तळहातानं टेबल पुसलं, तिथे काहीच नव्हतं तरी. “सासरी पोचलीच नाही. चार दिवसांनी मी गेलो तेव्हा कळलं. त्यांनी विचारपूस पण केली नव्हती.”

त्यांनी पोलिसांत तक्रार केली होती. स्टँडवर फोटो लावले होते. देवस्थानं पालथी घातली होती. दोन्ही मुलींची लग्नं झाल्यावर कारखाना सोडून ते इथे आले होते.

“इथं का?”

“इथं नावं असतात,” ते म्हणाले. “माणूस कुठं पण जाऊ द्या, कधीतरी आजारी पडतंच की. पहिली दोन वर्सं इथलेच सगळे कागद वाचले. मग तुम्ही लोकांनी सातही ठिकाणचं जोडलं. मी म्हटलं, आता सापडेल.” आणि मग एकदम घाबऱ्या आवाजात, “शेटेसाहेबांना सांगावं लागेल का तुम्हाला?”

मी वर जाऊन आवारातल्या लिंबाखाली उभी राहिले आणि सबनीस सरांना फोन लावला. त्यांना सगळं सांगितलं. ते माझे पहिले साहेब. काम त्यांनीच शिकवलं होतं, आणि कंपनी टिकवण्यासाठी त्यांनी काय काय केलंय ते मला माहीत होतं.

“अगं, उत्तम!” ते म्हणाले. “म्हणजे त्यांच्याच माणसाचा गैरवापर. खाजगी कामासाठी रुग्णांच्या नोंदी उघडत होता. नाव लिही त्याचं अहवालात. आपण सुटलो.”

“सर, त्यांनी नुसता शोध घेतला. शोध घेतल्यानं सर्व्हर पडायला नको. चूक कोडमध्ये आहे. माझ्या कोडमध्ये.”

“कोड कुणी लिहिला हे कुणी विचारलंय का तुला?”

“पण मग त्यांची नोकरी जाईल.”

“नसीम, हा करार गेला तर आपल्याकडे कुणाकुणाची जाईल ते मोज. तू शहाणी आहेस.” आणि फोन ठेवला.

मी मोजलं. खरंच मोजलं, लिंबाखाली उभी राहून. आमच्या ऑफिसात चौदा जण होतो. वडिलांना पक्षाघात होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, मिरजेचं घर माझ्यावर होतं. मी काही मोठ्या मनानं खाली आले असं म्हणणार नाही. खाली आले, कारण माझी पिशवी तळघरात राहिली होती. गुंजाळ जागेवर नव्हते. खुर्चीवरची उशी कुणीतरी झटकून सरळ केली होती.

गुरुवारी सकाळी मी ती ओळ दुरुस्त केली. पाच मिनिटांचं काम. ते खरं उतरलंय की नाही हे कळायला जेवणाची सुट्टी यायला हवी होती. वेळ जाईना म्हणून मी गुंजाळांच्या टेबलावरचा भरतीचा कोरा फॉर्म चाळत बसले. रुग्णाचं नाव. वय. गाव. आजार. आणि खाली, जवळच्या नातेवाइकाचं नाव. नातं. नातेवाइकास कळवावे काय: होय, नाही.

मी तो फॉर्म दोनदा वाचला. आमच्या शोधाच्या पडद्यावर फक्त पहिला रकाना होता, रुग्णाचं नाव. बाकीचे रकाने सर्व्हरमध्ये भरलेले होते, पण शोधता येत नव्हते. ते तसं ठेवणारीही मीच होते. मला सर्व्हरमधून थेट पाहता आलं असतं. हात तिकडे गेलाही होता. पण काल सबनीस सर ज्याला “गैरवापर” म्हणत होते तो हाच झाला असता.

एक वाजता मी गुंजाळांना म्हटलं, “काका, आज नेहमीसारखं शोधा.”

ते माझ्याकडे बघतच राहिले.

“तपासायचंय मला. तुमच्याइतकं कुणी शोधत नाही. जेवढं जमेल तेवढं शोधा.”

त्यांनी चष्मा लावला. टक. टक. टक. मी आडोशाच्या आत आलेखासमोर बसले. नोंद नाही. नोंद नाही. नोंद नाही. मेमरी वर जायची आणि खाली यायची, वर जायची आणि खाली यायची. दोन वाजले. सव्वादोन झाले. वरचे फोन गप्प राहिले. अडीच वाजता गुंजाळांनी आडोशातून डोकं आत घातलं. “आज वहीत काय लिहू?”

“काही लिहू नका,” मी म्हटलं आणि मला हसू आलं. तेही हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा.

तीन वाजता जिन्यावर बुटांचा आवाज आला. शेटेसाहेब तळघरात कधी यायचे नाहीत. उंच माणूस, डोकं वाकवून दारातून आत आले. त्यांच्या हातात मी सकाळी पाठवलेला अहवाल होता.

“मुजावर, तुम्ही लिहिता की चूक तुमच्या कोडमध्ये. सबनीस मला फोनवर सांगतात की आमच्याच एका कर्मचाऱ्याचा गैरवापर. खरं कोणतं?”

“मी लिहिलंय ते, सर.”

“कर्मचारी कोण?”

माझ्या मागे स्टूल सरकल्याचा आवाज झाला.

“मी, साहेब,” गुंजाळ म्हणाले. हात जोडलेले नव्हते, नुसते बाजूला सोडलेले होते.

“कुणाला शोधत होता?”

“बहीण, साहेब. हरवली.”

शेटेसाहेबांनी विचारलं नाही कधी, कशी. आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, असं वाटून मी म्हटलं, “सर, फॉर्ममध्ये नातेवाइकाचा रकाना आहे. त्यात शोधायची सोय आम्ही दिलेली नाही. काकांनी बहिणीचं नाव सगळ्या तऱ्हांनी शोधलं. तिनं नाव बदलून सांगितलं असलं तर सापडणार नाही. पण तिथे काकांचं नाव असेल तर... पाराजी गुंजाळ नावाचे फार लोक नसतील. तुम्ही परवानगी दिली तर बघते. नाहीतर नाही.”

“माझं नाव?” गुंजाळ म्हणाले. “ती माझं नाव कशाला सांगेल?”

शेटेसाहेबांनी अहवाल घडी घालून टेबलावर ठेवला.

“नोंद सापडलीच, तर ती त्या बाईची आहे,” ते म्हणाले. “भावाची नाही. बघा. पण पडदा माझ्याकडे करा. आधी मी वाचणार.”

मी पडदा वळवला. दोनदा टायपिंग चुकलं. एक ओळ आली. एकच.

शेटेसाहेबांनी खिशातून चष्मा काढून लावला आणि वाचलं. त्यांचा चेहरा हलला नाही. मग म्हणाले, “गुंजाळ, बसा.”

“उभाच बरा आहे, साहेब.”

“शेवगावचं आपलं रुग्णालय. चार वर्षांपूर्वी. हात भाजला म्हणून नऊ दिवस होती. बरी होऊन गेली.” ते थांबले. “नाव चंगीबाई, पुढे काही नाही. नातेवाईक, पाराजी गुंजाळ. नातं, भाऊ.”

गुंजाळांनी रॅकचा लोखंडी खांब धरला.

“आणि पुढचंही सांगतो, कारण ते लपवणं बरोबर नाही. कळवावे काय? तिथे नाही लिहिलंय.”

गुंजाळांनी मान हलवली. दोनदा, तीनदा. जणू हे त्यांना आधीपासून माहीत होतं. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “बरोबर आहे तिचं. राहू द्या, साहेब. बरी आहे एवढं कळलं. बास.”

“तुम्ही ठरवायचं नाही,” शेटेसाहेब म्हणाले. “मीही नाही.” त्यांनी माझ्या टेबलावरचा फोन ओढून घेतला आणि पडद्यावर वाचून एक नंबर फिरवला. नंतर कळलं, नोंदीतला नंबर आणि पत्ता शेवगावच्या पुढच्या एका गावातल्या मुलींच्या वसतिगृहाचा होता, आणि तिथे स्वयंपाक करताना भाजलं असं लिहिलेलं होतं. त्यांनी स्वतःचं नाव, हुद्दा सांगितला, चंगीबाई स्वयंपाकाला आहेत का ते विचारलं. थांबले. आम्ही दोघंही थांबलो.

“चंगीबाई बोलताय? नमस्कार. रुग्णालयातून बोलतोय, काळजीचं काही नाही. तुमच्या फॉर्ममध्ये भावाचं नाव आहे. ते माझ्यासमोर उभे आहेत. तुम्ही कळवू नका म्हणाला होता, म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय मी त्यांना पत्ता दिलेला नाही. ते तुमच्याकडे आलेले चालतील का?”

पलीकडून काही ऐकू येईना. शेटेसाहेब फोन कानाला लावून ताठ उभे होते, परेडला उभे राहावेत तसे. एक मिनिट तरी गेलं असेल.

“बरं,” ते म्हणाले. “सांगतो.” फोन ठेवला. “पोरींची जेवणं दोनला उरकतात, म्हणाल्या. त्यानंतर या म्हणावं.”

माझं काय झालं ते इथेच सांगून टाकते. करार राहिला. शेटेसाहेबांनी सबनीस सरांना कळवलं की ज्या कंपनीचा माणूस स्वतःची चूक सही करून देतो तिच्याशी काम करायला हरकत नाही. सबनीस सर माझ्याशी तीन महिने धड बोलले नाहीत. मग एके दिवशी नव्या मुलांना शिकवायला त्यांनी माझा तोच कोड फळ्यावर लिहिला, चुकीच्या ओळीसकट, आणि मला म्हणाले, “तू समजावून सांग.” गुंजाळांवर कारवाई झाली ती अशी, की त्यांना एक लेखी समज मिळाली आणि रुग्णाच्या नातेवाइकांची चौकशी हाताळायचं काम त्यांच्याकडे आलं.

पण हे सगळं नंतरचं. शुक्रवारी मी पुण्याची गाडी धरायला निघाले होते. गुंजाळ फाटकापाशी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, नवीन दोरी चष्म्याला.

“साहेबांनी जीप दिलीय,” ते म्हणाले. “तुम्ही येता का? एकट्याला जमायचं नाही मला.”

मी गेले. वसतिगृह म्हणजे एक लांबट बैठी इमारत, मागे पत्र्याचं स्वयंपाकघर. मुली हात धुऊन वर्गाकडे पळत होत्या. एक बाई पातेलं घासून उपडं घालत होती. चाळिशीची, ठेंगणी, डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग. तिनं वर पाहिलं. पदराला हात पुसले. उठली नाही.

गुंजाळ तिच्यापासून दहा पावलांवर थांबले आणि पुढे जाता येईना त्यांना.

“किती वाळलास रे दादा,” ती म्हणाली.

मग ते गेले. तिच्यासमोर जमिनीवर, त्या ओल्या फरशीवर, इस्त्रीच्या कपड्यांत बसले. पायांशी वाकायला गेले तसे तिनं पाय मागे ओढले आणि त्यांचे दंड धरले. मी वळून विहिरीकडे बघत उभी राहिले. रडण्याचा आवाज एकाचा होता की दोघांचा, ते कळलं नाही.

थोड्या वेळानं आवाज निवळले. गाडी संगमनेर सोडून दुसऱ्या थांब्यावर पोचली तेव्हाच ती उतरली होती. शेजारी बसलेल्या बाईंना वसतिगृहासाठी स्वयंपाकीण हवी होती, त्यांच्याबरोबर इकडे आली. एवढं तिनं दोन वाक्यांत सांगितलं, जसं दुसऱ्या कुणाचं सांगावं.

“भाजलं तेव्हा तरी कळवायचंस,” गुंजाळ म्हणाले. “नाही कशाला म्हणालीस?”

“तू धावत आला असतास.”

“मग?”

“आला असतास आन मला तिकडं नेऊन सोडलं असतंस. नीट बोलतो म्हणून.” तिचा आवाज चढला नाही. “परत एकदा गाडीत बसायची ताकद नव्हती मला.”

गुंजाळांनी खाली बघत विचारलं, “मंग माझं नाव तरी का सांगितलंस?”

ती त्यांच्याकडे बघत राहिली, त्यांचं बोलणं समजलंच नसल्यासारखी.

“नर्सबाईनं विचारलं, तुझं कोण आहे म्हणून,” ती म्हणाली. “मंग काय सांगणार होते, कोणी नाही?”